सहाव्या फाटकापाशी

रविवारी सकाळी वहिनीने सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरली, मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि थर्मासमध्ये चहा ओतायला आत गेली. नवरा बसवर ड्रायव्हर, रविवारी त्याची हमखास ड्युटी. निघताना तो दारातून म्हणाला होता, की एकीला दिसत नाही आणि दुसरीच्या चष्म्यावर सारखी वाफ धरते, तेव्हा दोघींनी मिळून निदान एक डोळा तरी धड ठेवा. नणंदेने आतून उत्तर दिलं, की दादाला दोन असून त्याने गेल्या महिन्यात बस खांबाला लावलीच ना. वहिनी हसली, पण निघण्याआधी देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली.

त्यांची सायकल जगावेगळी होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने जाड टायरच्या दोन जुन्या माउंटन बाइक कापून, जोडून त्यांची एक केलेली. दोन सीटं, दोन हँडलं, चार पायडलं, आणि पुढची-मागची पायडलं एकाच साखळीने बांधलेली. एकीने पाय फिरवला की दुसरीचा फिरायचाच. पुढे वहिनी बसायची. ब्रेक, गिअर, वळणं सगळं तिच्या हातात. मागे नणंद.

खरं तर हे उलटं असायला हवं होतं. सायकल नणंदेची. लहानपणी एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. मोठी झाल्यावर ती गावाबाहेरच्या टेकड्यांमधून सायकल हाणू लागली. कुरणं, ओहोळ, मेंढ्यांच्या वाटा, लाटांसारख्या एकामागून एक टेकड्या. तिथे तिने सात रस्ते पक्के केले होते आणि त्यांना नावं दिली होती. एकाचं नाव म्हैस, कारण चढ संपता संपायचा नाही. एकाचं लोणी, कारण उतारावर चाकाचा आवाजसुद्धा यायचा नाही. मग दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या नसा सुकायला लागल्या आणि सहा महिन्यांत सगळा अंधार झाला. वय चौतीस.

त्यानंतर भिंगरी अकरा महिने मागच्या खोलीत बसून होती. तिची सायकल बोळात खुंटीला उलटी टांगलेली. एकदा वहिनी पाणी प्यायला उठली, तर नणंद बोळात उभी राहून ते टांगलेलं चाक बोटाने फिरवत होती आणि त्याचा टिकटिक आवाज ऐकत होती. वहिनी तशीच मागे वळली. तिला सायकल येत नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती शाळेच्या मैदानावर उजाडायच्या आत सायकल शिकायला लागली. गुडघे फुटले, हनुवटीला टाके पडले. आली एकदाची. तेव्हाच तिने एक नेम धरला, की भिंगरीचे सातही रस्ते पुरे होईतो आपल्या चहात साखर नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात साखरेचा डबा उशिरा संपू लागला की कळतंच.

नणंदेने मागे बसायला एकच अट घातली. ती हसत नव्हती तेव्हा.

"वहिनी, मला कुठे टाकून जायचं नाही. दोन पावलंसुद्धा नाही. बाकी आपटलीस तरी चालेल."

डोळे असणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. माणसं कुठे आहेत हे हरवलं, की आंधळं माणूस रस्त्यावर पडलेल्या वस्तूसारखं होतं. कुणी उचलेपर्यंत तिथेच. वहिनीने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

तर असे सहा रस्ते झाले होते. वहिनीने बघायचं आणि भिंगरीने आठवायचं, अशी वाटणी. मागून सूचना यायच्या, आता ओहोळ लागेल, डावीकडून घे, उजवीकडचा दगड हलतो. वहिनी विचारायची, तुला कसं कळलं आपण इथे पोचलो ते? भिंगरी म्हणायची, टायर सांगतो. नाहीतर म्हणायची, तुझा श्वास सांगतो, म्हातारे. आणि उजवा पाय जोरात मारायची, डावा आळशी. ती लय वहिनीच्या तळपायांत इतकी मुरली होती, की झोपेतसुद्धा तिला ती ओळखता आली असती.

आज सातवा रस्ता, सगळ्यांत लांबचा. त्यावर अकरा फाटकं होती. कुरणांच्या कुंपणांना लोखंडी फाटकं असतात आणि त्या भागातला शिरस्ता असा, की ज्याने उघडलं त्याने लावायचं, नाहीतर गुरं बाहेर पडतात. हे काम भिंगरीचं. ती उतरून फाटक उघडायची, वहिनी सायकल पलीकडे ढकलून दोन पाय टेकून उभी राहायची, भिंगरी कडी लावून, चाचपडत येऊन, मागच्या सीटवर बसायची. मग वहिनी विचारणार, "तयार?" आणि मागून उत्तर येणार, "तयार." ते ऐकल्याशिवाय पहिलं पायडल मारायचं नाही, हा त्यांचा कायदा. पुढे बसणारीला मागचं काही दिसत नाही. हेल्मेट, चष्मा, पाठीवरची पिशवी, मान वळवली की सायकल झुकते. तेव्हा त्या एका शब्दावर सगळा भरवसा.

पाच फाटकं मजेत झाली. तिसऱ्यापाशी एक गाय वहिनीकडे अशी रोखून बघत होती, की वहिनीने तिला चक्क वाट विचारली. पाचव्यानंतर चढ लागला. चढ चढता चढता धुकं आलं. आधी समोरची टेकडी गेली, मग कुंपण, मग वाटेचा पुढचा भाग, आणि शेवटी उरलं पुढचं चाक आणि त्याच्यापुढचं हातभर गवत. हवेला ओल्या दगडाचा वास यायला लागला. भिंगरीला त्याचं काहीच नव्हतं. ती म्हणाली, आता आपण दोघी सारख्या झालो, आता तुला कळेल मी किती हुशार आहे ते.

माथ्यावर सहावं फाटक होतं. दिसलं नाही, चाक थडकलं तेव्हा कळलं. भिंगरी उतरली. कडी गंजलेली, बराच वेळ कुरकुरली. वहिनीने सायकल पलीकडे नेली, पाय टेकले आणि चष्मा पुसत उभी राहिली. मागे फाटक लागल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड. मग सायकल हलली. मागचं चाक दबलं, हँडल किंचित उचलल्यासारखं झालं. बसली.

"तयार?"

"तयार."

वहिनीने पायडल मारलं.

फाटकापलीकडे उतार होता. गवत दाट, ओलं. चाकांचा आवाज येत नव्हता. वहिनी दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून सावकाश सोडत होती आणि बोलत होती, कारण धुक्यात तिला भीती वाटायची आणि भीती वाटली की ती बोलायची. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करायची म्हणाली. आज सातवा रस्ता झाला की उद्यापासून काय, ते तुला नंतर सांगेन म्हणाली. एरवी भिंगरीने लगेच टोमणा मारला असता. मागून काही आलं नाही.

वाट ऐकत असेल, वहिनीला वाटलं. उतारावर भिंगरी गप्प बसून ऐकायची कधीकधी.

मग सपाट लागलं आणि पायडल मारावं लागलं. आणि तिथे वहिनीच्या तळपायांना काहीतरी वेगळं लागलं. आधी नीट कळेना. मागून जोर येत होता, चांगला येत होता, पण तो सारखा होता. उजवा-डावा एकसारखा, घड्याळाच्या लोलकासारखा. आळशी डावा पाय कुठे गेला?

"पाय दुखतोय का गं?"

उत्तर नाही. ओल्या दगडाचा वास वाढला होता. तो आता पुढून येत नव्हता. मानेमागून येत होता.

वहिनीने सूचनेची वाट पाहिली. भिंगरी नेहमी वळणाच्या आधी सांगायची, ती अजून काहीच बोलली नव्हती. वाट पुढे दोन बाजूंना फुटत असावी असं गवतावरून वाटत होतं.

"भिंगरे… आता कुठे?"

"सरळ…"

आवाज हलका होता, दमल्यासारखा. स्कार्फ तोंडावर ओढून बोलावं तसा. भिंगरीचा असू शकला असता.

"डावीकडे एक वाट दिसतेय…"

"सरळच."

वहिनी सरळ निघाली. दहा हात गेली असेल-नसेल. गवत संपलं आणि चाकाखाली बारीक खडी करकरली. आणि तेवढ्यात फार लांबून, वरून, मागून, शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली लांब शिट्टी, शेवटी वर चढवलेली. अख्ख्या जगात अशी शिट्टी एकच माणूस मारायचं.

वहिनीने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल खडीवर सरकली आणि थांबली. पुढच्या चाकाने उडवलेले चार खडे पुढे गेले, आणि खाली पडल्याचा आवाज यायला खूप वेळ लागला. धुकं जरासं हललं. चाकाच्या पुढे वीतभर खडी होती आणि तिच्यापुढे काही नव्हतं. इथे कुठेतरी बंद पडलेली दगडाची खाण आहे, एवढं तिने नवऱ्याकडून ऐकलं होतं.

शिट्टी पुन्हा आली. वरून, फाटकापासून.

आणि सायकल अजून मागे दबलेलीच होती. मागची सीट भरलेली होती.

वहिनीने मान वळवली नाही. तिचे हात हँडलला चिकटले होते, आणि मनात देवाचं नाव सोडून एकही शब्द राहिला नव्हता. पण त्या नावाच्याही वर एक गोष्ट तरंगत आली. वर भिंगरी एकटी होती. धुक्यात, उघड्या माळावर, खाण जवळ. तिला दोन पावलंसुद्धा टाकून जायचं नव्हतं, आणि आपण तिला टाकून अर्धा मैल खाली आलो. ती वाट बघेल, मग हाक मारेल, मग चाचपडत आवाजाच्या मागे चालायला लागेल. उतार तिला सरळ इथे आणून सोडेल.

वहिनीने सायकल तशीच मागे ओढली. जड होती. वळवली. बसली. मग पुढे बघतच, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

"बाई, तू कोण असशील ती अस. माझी नणंद वर एकटी आहे. तिला दिसत नाही. मला तिच्याकडे जाऊ दे… जमलं तर जोर लाव."

क्षणभर काहीच झालं नाही. मग वहिनीच्या पायांखालची पायडलं आपोआप फिरायला लागली.

चढ तोच होता, पण तिला दम लागला नाही. मागून असा जोर येत होता, जसा भिंगरीचाही कधी आला नव्हता. वर्षानुवर्षं टेकड्या चढलेल्या पायांचा जोर. गार श्वास मानेवर यायचा आणि त्याची लय पायडलांशी जुळलेली असायची. वहिनीला रडू येत होतं. घाबरल्यामुळे येत होतं हे खरं, पण तेवढ्यानेच नव्हे. ही जी कोण होती तिला पळवायचं असतं, मारायचं असतं, तर ती इतक्या मनापासून चढ कशाला चढली असती? मग खाणीकडे सरळ का म्हणाली? कदाचित तिच्या वेळी वाट सरळ जात असेल.

शिट्टी जवळ आली. धुक्यात फाटकाचा खांब दिसला, मग खांबाला पाठ लावून उभी असलेली भिंगरी. एक हात कडीवर घट्ट, दुसऱ्या हाताची दोन बोटं ओठांशी.

वहिनी थांबली. पाय टेकले. आणि हळू आवाजात, पुढेच बघत म्हणाली,

"आता उतर, बाई. ही तिची जागा आहे."

सायकल वर उचलली गेली. एकदम हलकी झाली. मागे गवत दबल्याचा आवाज आला नाही.

भिंगरी कडी सोडून दोन हात पुढे करून आली. तिने आधी वहिनीचा खांदा चाचपला, मग चेहरा, मग ओले गाल. तिची जीभ मात्र नेहमीसारखीच.

"काय गं, मला सोडून दुसरी नणंद शोधलीस वाटतं?"

वहिनीने तिला इतकं घट्ट धरलं, की दोघींची हेल्मेटं एकमेकींवर आदळली. मग माफी मागू लागली. भिंगरी म्हणाली, आधी इथून निघू. वहिनीने तिला मागे बसवलं, हात मागे नेऊन तिचा गुडघा दाबून पाहिला, बुटाची नाडी चाचपली. तरी तिच्या तोंडून तो नेहमीचा प्रश्न बाहेर पडेना. भिंगरीनेच तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्या निघाल्या, आल्या वाटेने, घराकडे. सातवा रस्ता अर्धाच राहिला.

घरी पोचल्यावर वहिनीने गॅसवर आधण ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खाणीचा कडाही सांगितला. भिंगरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टॉवेल डोक्याला गुंडाळून बसली होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, की कडी लावत असतानाच तिला सायकल निघाल्याचं ऐकू आलं होतं, आणि वहिनीचं बोलणंही, गरम पाण्याचं वगैरे. तिने हाका मारल्या, पण वारा उलटा होता. मग ती जागची हलली नाही.

"घाबरली असशील," वहिनी म्हणाली.

"पहिली दोन मिनिटं. मग म्हटलं, ही येणार. सातवा रस्ता पुरा झाल्याशिवाय तुझ्या चहात साखर पडायची नाही, जाशील कुठे?"

वहिनीने कप खाली ठेवला. नेम कळला होता तर. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

भिंगरीने कपाभोवती दोन्ही तळवे धरले. मग तिने उरलेलं सांगितलं. वहिनीने 'उतर' म्हटलं ना, त्यानंतर कुणीतरी तिच्याजवळ आलं होतं. पावलं वाजली नाहीत, फक्त गारवा आला, फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा. आणि कानाशी बोललं.

"काय बोललं?"

"म्हणाली… तुझी आली. माझी कधी येणार?"

दुसऱ्या चहासाठी ठेवलेलं आधण उतू जाऊन गॅस विझला, तो वहिनीने पुन्हा पेटवला. माथ्यावर कुणीतरी कुणाचीतरी वाट बघत होतं. पुढे बसणारी निघून गेली होती, आणि मागची उतरून फाटक लावून उभी राहिली होती, आजवर.

"आणि तू काय म्हणालीस?"

भिंगरीने मान खाली घातली. लहानपणी काच फोडल्यावर घालायची तशी.

"मनातल्या मनात म्हटलं, पुढच्या रविवारी आम्ही येऊ. तोवर तुझी नाही आली, तर माझी वहिनी तुला खाली सोडेल."

वहिनीने आयुष्यात नणंदेला फार थोड्या वेळा रागावलं असेल. त्या दिवशी ती रागावली. म्हणाली, मला विचारल्याशिवाय मला देऊन टाकलंस? मी काय छत्री आहे? भिंगरीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, की वहिनी, मी वाट बघताना मला ठाऊक होतं तू येणार. तिला ठाऊकच नाही. तसं उभं राहणं कसं असतं, ते मला त्या अकरा महिन्यांत कळलंय.

वहिनीने तिचा कप घेतला आणि त्यात नवा चहा ओतला.

आठवडाभर तिने रोज सकाळी देवापुढे एकच मागणं मागितलं, त्या वाट बघणारीचं माणूस तिला मिळू दे. स्वतःसाठी मागायचं राहूनच गेलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याने कारण न विचारता सायकलला कुलूप घातलं असतं. गुरुवारी-शुक्रवारी जोराचा पाऊस झाला. शनिवारी तिने ब्रेक घट्ट केले, आणि मनाशी ठरवलं की दिलेला शब्द पाळणाऱ्याला देव खाणीत ढकलणार नाही. आणि आता कडा कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. 'सरळ' म्हटलं तरी ती डावीकडेच वळणार होती.

रविवार लख्ख उजाडला. धुक्याचा मागमूस नाही. पाचही फाटकं झाली. त्या गाईने पुन्हा रोखून पाहिलं. चढावर भिंगरीचा उजवा पाय जोरात, डावा आळशी. वहिनीला तो आळशी पाय इतका गोड कधी वाटला नव्हता. माथ्यावरून सगळ्या टेकड्या दिसत होत्या, हिरव्या, मऊ, पार क्षितिजापर्यंत. इतक्या साध्या जागी काही घडलं असेल यावर विश्वास बसेना.

त्यांनी सायकल फाटकाच्या अलीकडे टेकवली. भिंगरी कडी धरून उभी राहिली आणि हवेत म्हणाली, आलो गं आम्ही. वारा गवतातून गेला. वहिनीने हात जोडले, घसा साफ केला, आणि आठवडाभर जो शब्द तोंडातून निघत नव्हता तो उच्चारला.

"तयार?"

दोघी ऐकत राहिल्या. वर एक पाखरू ओरडत होतं. बाकी काही नाही. गारवा नाही, वास नाही.

वहिनीने भिंगरीला तिथेच कडी धरून उभं केलं, इथेच आहे, दोन हातांवर आहे, असं बोलत बोलत फाटक उघडून पलीकडे पाऊल टाकलं. पलीकडे पावसाने धुऊन काढलेला ओला चिखल होता, दुधावरच्या सायीसारखा गुळगुळीत. आणि त्यावर चाकांची एक रेघ होती.

ती माळावरून आली होती, जिथे वाटच नाही तिथून. फाटकापाशी येऊन थांबली होती. तिथून वळून पुन्हा निघाली होती. येताना उथळ, जाताना खोल. दोन सीटांच्या सायकलचे माग वहिनीला आता चांगले समजत. एकटी चालवत असली की रेघ अशी वरवर उमटते. मागे कुणी बसलं की मागचं चाक रुतत जातं.

"काय दिसतंय?" भिंगरीने विचारलं.

"माग आहेत," वहिनी म्हणाली. "आली होती. एकटी आली, दोघी गेल्या."

भिंगरीचा चेहरा उजळला. तिने दोन्ही तळहातांनी डोळे पुसले आणि विचारलं, की कुठल्या बाजूने गेल्या.

खोल रेघ उतारावरून सरळ गेली होती. गवत संपून खडी लागते तिथपर्यंत वहिनीला ती दिसत होती. त्या रेघेत वळण नव्हतं, ब्रेक लावल्याची घसर नव्हती, परत फिरल्याची खूण नव्हती.

"घराकडे," वहिनी म्हणाली.

भिंगरी समाधानाने हसली. म्हणाली, बघ, तुला छत्री व्हावं लागलं नाही. चल, सातवा रस्ता पुरा करू, मग तुझा तो चहा. वहिनी हो म्हणाली. ती वळणारच होती, तेवढ्यात तिला दिसलं की चाकांच्या रेघेशेजारी, सायकल जिथे थांबली होती तिथे, पुढे बसणारीने टेकलेल्या पायाचा ठसा आहे. मागे बसणारीच्या पायाचा ठसा कुठेच नव्हता. पण हा एक स्वच्छ होता. डाव्या बुटाचा. टाचेपाशी एक चौकोनी तुकडा उठलेला, एक कोपरा कापलेला.

वहिनीच्या डाव्या बुटाचा तळ गेल्या महिन्यात फाटला होता. मेकॅनिकने त्याला टायरट्यूबचा चौकोनी तुकडा चिकटवून दिला होता आणि बाहेर आलेला एक कोपरा कात्रीने उडवला होता.

मागे भिंगरी कडीशी खेळत कुठलंसं गाणं गुणगुणायला लागली होती. वहिनीने तो ठसा पुसून टाकायला डावा पाय टेकवला, पण घाईघाईत तो शेजारीच पडला. उचलला. ओल्या चिखलात आता दोन सारखे ठसे होते, आणि त्यातला आत्ताचा कुठला, ते तिला सांगता येईना.